हाक पोचली पाहिजे
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पासमोर वायरलेसवर काय बोलायचे, असे काहींना वाटेल. पण आपल्या पांढुर्ण्यात बाप्पा येण्याच्या तीन-चार दिवस आधी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जामच्या पात्रात गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधोमध पळसाचे झाड आणि झेंडा. शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. ती असावी की नसावी, हा वाद आज नको. जखमी माणूस डॉक्टरपर्यंत किती लवकर पोचतो, एवढेच बोलू.

एका विसर्जनाला आमच्यातल्याच एका मुलाचा पाय घाटावर घसरला. आम्ही वरच्या टोकाला रुग्णवाहिकेसाठी फोन लावत होतो, लागतच नव्हता. शेवटी एक पोरगा गर्दीतून धावत गेला. मुलगा वाचला, पण ती दहा मिनिटे आम्ही विसरलो नाही. दोष कोणाचाच नव्हता. मोबाइलचा टॉवर सर्वांचा असतो आणि त्याची ताकद ठरलेली असते. हजारो लोक एकाच वेळी व्हिडिओ पाठवू लागले की डॉक्टरांचा फोनही त्याच रांगेत उभा राहतो.

म्हणून पोलीस आणि बचाव पथकांना स्वतंत्र लहरी लागतात. पण किती? याचा हिशेब करता येतो. डेन्मार्कचे अभियंता एरलांग यांनी 1917 साली टेलिफोनच्या गर्दीचे गणित मांडले. आपण सोपे करून पाहू. दोन्ही काठांवर मिळून 40 जणांकडे वॉकी-टॉकी आहेत असे समजा. ऐन गडबडीत प्रत्येक जण मिनिटाला एकदा 6 सेकंद बोलला, तर 240 सेकंदांचे बोलणे झाले. मिनिट तर 60 सेकंदांचेच. एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलतो. म्हणजे चार चॅनेल काठोकाठ भरले, श्वास घ्यायलाही जागा नाही. तेव्हा चॅनेल वाढवा, नाहीतर बोलणे कमी करा. दोन्ही काठांना वेगळे चॅनेल, रुग्णवाहिकांना वेगळे, आणि सर्व प्रमुखांना जोडणारे एक सामाईक.

हे सामाईक चॅनेल सर्वांत महत्त्वाचे. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये इमारत रिकामी करण्याचा आदेश आत चढलेल्या अनेक जवानांना ऐकू गेला नाही. पोलीस आणि अग्निशमन दलाचे रेडिओ एकमेकांना जोडलेले नव्हते. त्या दिवशी अग्निशमन दलाचे 343 जण गेले. त्यानंतर अमेरिकेने 2012 साली कायदा करून बचाव दलांसाठी स्वतंत्र जाळे उभारायला घेतले. आपल्याकडेही 2018 साली ट्रायने बचाव दलांसाठी वेगळे स्पेक्ट्रम राखून ठेवण्याची शिफारस केली.

आपला जिल्हा 5 ऑक्टोबर 2023 रोजी झाला. पांढुर्णा आणि सौंसर, दोनच तहसिली. घर नवे असले की तारा कुठून न्यायच्या ते आधीच ठरवता येते. गोटमार, जामसावळीच्या हनुमानाची गर्दी, नागपूरच्या दोन्ही रस्त्यांवरचे अपघात, या सर्वांचा एकत्र हिशेब आताच मांडावा, अशी विनंती आपण प्रशासनाला करू.

आणि आपल्या हातातले काय? पहिले, उत्सवात स्वयंसेवकांसाठी वॉकी-टॉकी घ्यायचे तर 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचेच घ्या, त्या पट्ट्याला परवाना लागत नाही. बाजारात दिसेल तो सेट आणून पोलिसांच्या लहरीत लुडबुड करू नका. दुसरे, बोलताना आधी जागा, मग काय झाले, मग काय हवे. तिसरे, 112 ला फोन केलात तर गावासोबत जिल्हा आणि राज्यही सांगा. आपण सीमेवरची माणसे, पलीकडे महाराष्ट्र आहे. चौथे, गर्दीत व्हिडिओ घरी जाऊन पाठवा.

पूर्वी नदीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारली की ऐकू जायची. आता गर्दी वाढली, आवाज वाढला. हाक मात्र पोचलीच पाहिजे.

गणपती बाप्पा मोरया!