दिवाळीच्या सुटीत मुलांना किडींची ओळख करून द्या



हस्ताचा पाऊस सरला आणि ऑक्टोबरची उन्हं तापू लागली, की काष्टी-श्रीगोंदा भागात रब्बी ज्वारीची पेरणी उरकत येते, तूर कळीवर येते आणि पाठोपाठ दिवाळीची सुटी लागून मुलं घरी येतात. शाळेत त्यांना परिसर अभ्यास असतो. पुस्तकातलं फुलपाखराच्या अवस्थांचं चित्र मुलं पाठ करतात, पेपरात काढूनही येतात. पण त्याच फुलपाखराची अळी आपल्या बांधावरच्या लिंबाची पानं कुरतडत असते, ती त्यांना दाखवायला कुणी नेत नाही. खरं सांगायचं तर ती पुष्कळ मोठ्या माणसांनाही ओळखता येत नाही.

आपला तालुका लिंबाचा. तेव्हा सुरुवात लिंबापासूनच करा. कोवळ्या फुटीवर एकेकटं, मोहरीएवढं पिवळसर अंडं सापडेल. त्यातून निघालेली लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, म्हणून नजर फसते. मोठी झाली की ती हिरवीगार होते. तिला काडीनं हळूच डिवचलं, तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना याची भारी गंमत वाटते.

अशी एक अळी पानासकट रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ठेवा. तोंडाला जुन्या धोतराचं कापड दोऱ्यानं बांधा, आत एक काडी उभी ठेवा. रोज ताजी पानं द्यायची, तीही न फवारलेल्या झाडाची, आणि लेंड्या काढून टाकायच्या. हे काम मुलांकडेच असू द्या. अळीनं खाणं सोडलं, की ती काडीला बारीक धाग्यानं स्वतःला बांधून घेते आणि तिचा कोष होतो. साधारण आठ-दहा दिवसांत, थंडी असेल तर जरा उशिरा, काळं-पिवळं फुलपाखरू बाहेर येतं. कधीकधी मात्र फुलपाखराऐवजी कोषाला भोक पाडून चिलटाएवढ्या गांधीलमाश्या निघतात. अशा वेळी मूल हिरमुसतं. त्याला सांगा, की या माश्या आपल्या लिंबाच्या राखणदार आहेत. ज्यानं ही बरणी पाहिली, तो रोपांवरच्या अळ्या हातानं वेचायला आपणहून येईल. लहान झाडांना एवढा उपाय बहुधा पुरतो.

आता परसातल्या वालाच्या वेलाकडे या. शेंड्यावर काळा मावा बसलेला असतो. त्याच्यात नीट पाहिलं, तर काळसर अंगाची, नारिंगी ठिपक्यांची, बारीक मगरीसारखी एक अळी फिरताना दिसेल. ही ढालकिड्याची अळी. लाल पाठीचा ढालकिडा सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची ही अळी कीड समजून चिरडली जाते. पानावर केसासारख्या दांडीवर पांढरी अंडी दिसली, तर ती क्रायसोपाची. त्याच्या अळ्याही मावा खातात. मुलाला वहीत एका पानावर मित्र आणि समोरच्या पानावर शत्रू अशी चित्रं काढू द्या. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल, तारीख आणि पिकाचं नाव मात्र लिहायला लावा.

हा नुसता सुटीतला खेळ नाही. 2002 साली पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा आला. पानं खालून कापसासारखी पांढरी झाली आणि वरून काजळीनं काळी पडली. लोक घाबरून गेले, फवारण्या झाल्या. उंच उसात शिरून फवारणं किती अवघड, हे तुम्हाला सांगायला नको. त्या वेळी डिफा आणि मायक्रोमस हे दोन मित्रकीटक फार उपयोगी पडले. त्यांच्या अळ्या असलेले पानांचे तुकडे कापून दुसऱ्या उसात नेऊन लावले गेले. पण त्यासाठी आधी अळी ओळखावी लागते. जिथे ती ओळखली नाही, तिथे माव्याबरोबर तीही औषधानं मेली.

तुरीतही मुलांचे तीक्ष्ण डोळे कामाला येतात. रानात ठिकठिकाणची वीस झाडं त्यांना पाहायला सांगा आणि शेंगा पोखरणाऱ्या अळ्या मोजून वहीत लिहून घ्या. सरासरी झाडागणिक एक अळी भरू लागली, तर उपायाची वेळ आली असं समजा. त्याआधी पंप पाठीला लावण्याची घाई नको. तुरीत मधूनमधून आडव्या काडीचे पक्षीथांबे रोवा. कोतवाल त्यांवर येऊन बसतो आणि अळ्या-पतंग टिपतो. दिवसाला कोणती पाखरं किती वेळा आली, ही नोंद आजी-आजोबाही बसल्या जागी मुलांकडून करून घेऊ शकतात. याच दिवसांत पाटाच्या कडेला शेपटी हलवत धावणारे धोबी पक्षी दिसू लागतात. ते उत्तरेकडून हिवाळ्यापुरते आलेले पाहुणे. पहिला धोबी कोणत्या तारखेला दिसला, तेही लिहून ठेवा.

काही गोष्टी मात्र सक्तीनं पाळा. अळीसाठी औषधाची रिकामी बाटली किंवा डबा धुऊनसुद्धा वापरू नका, त्यात विषाचा अंश राहतो. फवारलेल्या रानात मुलांना पाठवू नका आणि फवारणीच्या वेळी त्यांना जवळ उभं करू नका. कडब्याच्या गंजीत किंवा दगडाखाली हात घालू देऊ नका, साप-विंचवाचं भय असतं. रुईची पानं तोडली तर चीक डोळ्यात जाणार नाही, असं बघा. आणि आपल्याकडे उसात बिबट्याचा वावर आहे, म्हणून हे सगळं सकाळी ऊन वर आल्यावर, मोठं माणूस बरोबर असतानाच करा. दिवस कलला की मुलं घरात हवीत.