टिटवालचा कुत्रा आणि देवळालीचा ताप



आजच्या विषयाचं नाव जड आहे: उत्तर-आधुनिक युद्धविरोधी कादंबरी आणि तिची तंत्रं. आपण नाशिककर, म्हणून सुरुवात देवळालीपासून करू. १८६१ पासून तिथे ब्रिटिश फौजेचा तळ होता. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत पडून राहायचे. जहाजं हिवाळ्यातच सुटायची. त्यामुळे कित्येकांचे महिने उन्हात, बिनकामाचे जायचे. कुणी दारूला लागायचा, कुणाचं डोकं फिरायचं. इंग्रजांनी त्यावरून शब्दच केला, ‘डूलाली टॅप’. डूलाली म्हणजे आपली देवळाली, टॅप म्हणजे आपला ताप. लष्कर माणसाला गोळी न लागताही मोडतं, हे इंग्रजी भाषेने आपल्या गावाच्या नावावर नोंदवून ठेवलंय.

वेडाचा हाच धागा जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’ मध्ये आहे. १९६१ ची कादंबरी. हेलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानातून साठ मोहिमांवर गेला होता. पुस्तकातला नियम असा: वैमानिक वेडा असेल तर त्याला सुट्टी मिळते, पण तशी मागणी त्याने स्वतः करायला हवी. आणि मागणी केली म्हणजे त्याला जिवाची काळजी आहे, म्हणजे तो शहाणा, म्हणजे त्याने उडायलाच हवं. एका दाखल्यासाठी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. आपण हसतो. पण याच पुस्तकात स्नोडेन नावाचा तरुण विमानात मरतो, आणि ते मरण एका दमात सांगितलेलं नाही. आधी नुसता उल्लेख, मग थोडं, मग आणखी थोडं. पूर्ण प्रसंग शेवटाजवळ येतो, तोवर आपलं हसू आटलेलं असतं.

दुसरं पुस्तक मला जास्त जवळचं आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीत जर्मनीतलं ड्रेस्डेन जळालं, तेव्हा कर्ट व्हॉनेगट हा अमेरिकन युद्धकैदी तिथल्या खाटिकखान्याच्या तळघरात होता, म्हणून वाचला. त्यावरचं ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ यायला १९६९ उजाडलं. पहिल्या प्रकरणात लेखक स्वतःच येतो आणि सांगतो, मला हे लिहायला जमत नव्हतं. तो सैन्यातल्या जुन्या मित्राकडे जातो. मित्राची बायको भडकलेली. तिचं म्हणणं, तुम्ही तेव्हा पोरं होता, पण पुस्तकात स्वतःला मर्द दाखवाल, त्यावर रुबाबदार नट घेऊन सिनेमे निघतील, आणि आमच्या पोरांना लढाई हवीहवीशी वाटेल. लेखक तिला शब्द देतो. पुस्तकाच्या उपशीर्षकात म्हणूनच लहान मुलांचं क्रूसेड आहे.

मला वाटतं, पुस्तकातलं सगळं तंत्र त्या बाईच्या रागातून आलंय. बिली पिलग्रिममध्ये नायकाचं काही नाही. गबाळा, घाबरलेला पोरगा. तो काळात इकडून तिकडे फेकला जातो, आधी-नंतरचा क्रमच नाही. मग ‘शेवटी आपण जिंकलो’ म्हणायला जागा कुठे उरते? कुणीही मेलं, की तेच एक छोटं वाक्य येतं, शंभराहून जास्त वेळा. एकदा बिली युद्धाचा सिनेमा उलटा बघतो: आगी आकसून बॉम्बमध्ये शिरतात, बॉम्ब वर चढून विमानात जातात, कारखान्यात ते सुटे होतात, त्यातली द्रव्यं पुन्हा जमिनीत पुरली जातात. दोनेक परिच्छेदांचा मजकूर असेल, पण मला तो अख्ख्या भाषणांपेक्षा भारी वाटतो.

मराठीत विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आहे, १९३९ ची. उत्तर-आधुनिक हे लेबल तिला लावू नये, ते फार नंतरचं. पण नाव रणांगण आणि आत लढाई एकही नाही. युरोपातून निघालेली बोट आहे, हिटलरच्या छळातून पळालेले ज्यू आहेत. चक्रधर मुंबईला उतरतो, हॅर्टाला उतरता येत नाही. मग तिची पत्रं येतात.

आणि मंटो. तो तर आपल्या मुंबईत राहिलेला. उर्दू येत असेल तर मूळच वाचा, नाहीतर देवनागरीत मिळतो. ‘सियाह हाशिये’ १९४८ चं. त्यातल्या काही गोष्टी दोन-तीन ओळींत संपतात. त्यात ना उसासा, ना उपदेश. मारेकऱ्याच्या तोंडून फक्त ‘चुकलं’ एवढंच निघतं, कारण मेलेला आपल्याच धर्माचा निघाला. लेखक काहीच बोलत नाही, म्हणून आपल्याला अस्वस्थ व्हावं लागतं.

‘टिटवाल का कुत्ता’ मध्ये काश्मीरच्या आघाडीवर एक भटका कुत्रा दोन मोर्चांमध्ये ये-जा करतो. हिंदुस्थानी शिपाई त्याच्या गळ्यात हिंदुस्थानी असल्याची चिठ्ठी अडकवतात, पाकिस्तानी आपली अडकवतात. मग दोन्हीकडून गोळ्या सुटतात. एक बाजू म्हणते शहीद झाला, दुसरी म्हणते कुत्र्याच्या मौतीने मेला. कुत्र्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

मे २०२५ मध्ये पूंछला तोफगोळ्यांच्या माऱ्यात एका मदरशाचे शिक्षक मारले गेले. आपल्याच काही वाहिन्यांनी त्यांना दहशतवादी म्हणून दाखवलं. पोलिसांना खुलासा करावा लागला. ती चिठ्ठी कुणी, किती मिनिटांत अडकवली, बघा. त्या दिवसांत आपल्यापैकी कितीजणांच्या फोनवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी आली होती? त्या बातम्यांचीही एक गोष्ट होती: नायक, शत्रू, पार्श्वसंगीत, शेवट. ‘कॅच-२२’ वाचलेल्या पोराला ते पार्श्वसंगीत लगेच ऐकू येतं.

आता ‘टिटवाल’ वाचू. उर्दू वाचता येणाऱ्यांनी पुढे यावं, एक पान उर्दूत, मग तेच कुणीतरी मराठीत सांगेल.