दात गेल्यावर

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे किनाऱ्याकिनाऱ्याने निघालात, तर नेवरे-काळबादेवीच्या बाजूला वाळू काळपट दिसू लागते. त्या काळ्या कणांत इल्मेनाइट नावाचे खनिज आहे, आणि त्यात लोखंडाबरोबर टिटॅनियम हा धातू असतो. आज ज्या दातांविषयी बोलायचे आहे, त्यांची मुळे टिटॅनियमची करतात.

सगळे दात गेलेला माणूस घरात कसा वागतो ते पाहा. तो पंगतीला बसत नाही, मागाहून जेवतो. भाकरी दुधात कुस्करतो, सुरमईची तुकडी नातवाच्या ताटात सरकवतो, काजूची उसळ असली की भूक नाही म्हणतो. बोलताना तोंडावर हात धरतो. घरची माणसे म्हणतात, वय झाले, चालायचेच. मला हे पटत नाही. वय झाले म्हणून आपण चष्मा नाकारतो का?

कवळी हा जुना, स्वस्त उपाय. वरची कवळी टाळूला धरून बसते. खालचीचे मात्र हाल. गडगा ढासळला की मागची माती पावसागणिक वाहून जाते ना, तसे दात गेल्यावर त्याला धरणारे हाड वर्षावर्षाने झिजते. मग कवळी जिभेबरोबर हलते, हिरडी सोलते, आणि शेवटी ती डबीत जाऊन पडते.

स्वीडनमधले ब्रानेमार्क नावाचे संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टिटॅनियमची नळी बसवून हाड कसे भरून येते ते पाहत होते. काम संपल्यावर नळी निघेना! हाडाने तिला आपलेसे केले होते. १९६५ साली त्यांनी एका गृहस्थाच्या खालच्या जबड्यात असे चार खिळे बसवून त्यांवर दात दिले. ते चाळीस वर्षे टिकले.

आता जबड्यात साधारण चार ते सहा खिळे बसवतात. हाड धरायला तीन ते सहा महिने जातात. मग त्यांवर दातांची अख्खी कमान घट्ट बसते. हाड चांगले असेल तर तात्पुरते दात लवकरही देता येतात. चावण्याचा जोर वाढतो, शब्द स्वच्छ येतात, चारचौघांत हसायला संकोच वाटत नाही.

पण खर्च काही लाखांच्या घरात जातो. त्यासाठी कलमांची बाग गहाण टाकू नका. २००२ साली कॅनडात मॉन्ट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की, खालच्या जबड्यात दोनच खिळे घालून त्यांवर काढता-घालता येणारी कवळी अडकवावी, हा पहिला उपाय असावा. माझ्या मते पुष्कळांना तेवढे पुरे. आधी मुंबईच्या नायर किंवा शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी तोंड दाखवा आणि विचारा : हाड किती उरले आहे? दोन खिळ्यांत भागेल का?

मधुमेह असेल तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो. तंबाखू आणि मशेरी सोडावी लागते. शिक्षकमंडळी, तुम्ही मुलांना ब्रश धरायला शिकवता आणि घरी आजी बोटाने मशेरी लावते. तिच्याशीही एकदा बोला. खिळ्याला कीड लागत नाही हे खरे, पण घाण साचली की भोवतालची हिरडी सुजते, हाड खंगते आणि खिळा सैल होतो. म्हणून रोज ब्रश हवा, कमानीखालची फट साफ करायला हवी, आणि डॉक्टर बोलावतील तेव्हा जायला हवे.

नवे दात बसल्यावर पहिले काही आठवडे पेज आणि मऊभात. सुका बांगडा त्यानंतर, डॉक्टरांना विचारून.