विधवेच्या दोन दमड्या



दान मोजावयाचे ते किती दिले यावरून, अशी आपली सर्वांची समजूत असते. देवळाच्या फरशीवर काय किंवा चर्चच्या भिंतीवर काय, देणगीदाराच्या नावापुढे आकडा कोरलेला असतो. ख्रिस्ती शुभवर्तमानातील एका लहानशा हकीकतीत मात्र हा हिशेब दुसऱ्या बाजूने मांडलेला आहे.

यरुशलेमच्या मंदिरात येशू दानपेटीसमोर बसला होता. श्रीमंत येत आणि पुष्कळ टाकून जात. तेवढ्यात एक दरिद्री विधवा आली व तिने तांब्याची दोन नाणी टाकली. मजुराच्या एका दिवसाच्या रोजाचा चौसष्टावा भाग, एवढीच काय ती त्यांची किंमत! तरीही येशूने शिष्यांना सांगितले की, सर्वांहून अधिक हिनेच टाकले. कारण इतरांनी विपुलतेतून दिले आणि हिने आपली सारी उपजीविका दिली. नाणी दोन होती, हे येथे लक्षात घ्यावे. एक मागे ठेवून एक देता आले असते, आणि त्याबद्दल तिला कोणी नावे ठेवली नसती. हातातून काय गेले यापेक्षा हातात काय उरले, यावर अर्पणाचे मोल ठरते, हा या कथेचा पहिला धडा.

दुसरा धडा सहसा सांगितला जात नाही. मार्काच्या शुभवर्तमानात या प्रसंगाच्या अगदी अगोदर, लांबलचक प्रार्थना करीत विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा येशूने कठोर शब्दांत निषेध केला आहे. हा शेजार मला अर्थपूर्ण वाटतो. त्याग स्वतः करावयाचा असतो. दुबळ्यांकडून तो उकळावयाचा नसतो. विधवेची स्तुती करून तिला उपाशी परत पाठवणारा समाज तिच्या अर्पणाला पात्र होत नाही.

हे दोन्ही धडे एकाच आयुष्यात पाहावयाचे असतील, तर पंडिता रमाबाईंचे स्मरण करावे. मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांनी आईवडील व थोरली बहीण गमावली. १८८२ साली त्या स्वतः विधवा झाल्या. पुढील वर्षी इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. संस्थेला उत्पन्न व्हावे म्हणून पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी जमीन घेऊन फळबाग लावली होती. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा भुकेची ओळख असलेली ही बाई तिकडे धावली, अनाथ मुली व विधवा घेऊन आली आणि त्यांना तिने केडगावला आसरा दिला. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. विधवांची घरे गिळणाऱ्या जगात एका विधवेने विधवांसाठी घर बांधले.

परंतु रमाबाईंचे मोठे धन होते त्यांची विद्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले होते. त्यांनी पुढे हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, ते खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळेल अशा साध्या बोलीत. ज्या संस्कृत पांडित्याने कीर्ती दिली, त्याचा दिमाख त्यांनी त्या बाईच्या पायाशी ठेवला. केडगावच्या स्त्रियांनीच खिळे जुळवले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. तो बांधलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

असे जीवन थोरांनाच साधते, असे कोणी म्हणेल. त्याने मिझोरमकडे पाहावे. तेथील ख्रिस्ती गृहिणी १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढीत आल्या आहेत. आपल्याकडील मुष्टिफंडाचीच ही बहीण. ती मूठ कोठारातून येत नाही, त्या दिवशीच्या हंडीतून येते. म्हणून घरातील प्रत्येकाच्या पानात थोडे कमी पडते, आणि ते कमी पडणे हेच अर्पण होय.

त्या यरुशलेमच्या विधवेचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. फरशीवर तर ते नव्हतेच. आपल्या दोन नाण्यांपैकी मागे राहिलेले नाणे कोणते, हे ज्याचे त्याने आपल्याशीच पाहावे. आणि आपल्या दारी कोणी शेवटची दमडी घेऊन आले, तर त्या रात्री त्याच्या घरी चूल पेटली की नाही, हेही पाहावे.