उसनवारीचे इंटरनेट



संतवाङ्मय, इतिहास, शेती ह्यांवरच्या व्याख्यानांच्या पंगतीत आमचा आजचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. ज्याच्या घरी इंटरनेट नाही, त्याने ते दुसरीकडून उसने कसे आणावे, आणि आणावे लागावे काय, एवढाच तो प्रश्न. पण बांधकाम मजूर, हमाल, अंगणवाडीताई अशा मंडळींत वावरताना आम्हांला असे दिसते की, ह्या किरकोळ प्रश्नावर कुणाची मजुरी अडते, कुणाच्या मुलीचे शिक्षण अडते. म्हणून तो चारचौघांत मांडण्याचे आम्ही ठरवले.

2017–18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण घरांपैकी 14.9 टक्के आणि शहरी घरांपैकी 42 टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. त्यानंतर मोबाईल पुष्कळ पसरला, हे खरे. परंतु घरात एक मोबाईल असणे आणि घरात इंटरनेट असणे ह्यांत फरक आहे. तो एकच मोबाईल बाप सकाळी कामावर घेऊन जातो. मागे शिकणारी दोन मुले राहतात. 2024 च्या जुलैत खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून महिना संपण्याआधी रिचार्ज संपतो तो वेगळाच.

मग माणसे काय करतात? जे विहीर नसलेला माणूस करतो, तेच. दुसऱ्याच्या आडावर जातात. कोणी शेजाऱ्याचा पासवर्ड मागून घेतो. कोणी पानठेल्यावर उभा राहून ठेलेवाल्याचा हॉटस्पॉट घेतो आणि संकोच नको म्हणून गरज नसताना चहा पितो. कोणी कचेरी बंद झाल्यावर तिच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून बसतो. वायफायची लहर फार तर काही दहा मीटर जाते, जाड भिंतीत अडते, आणि वीज गेली की तीही जाते. ही विद्या कोणत्या पुस्तकात शिकवत नाहीत. पण कोणत्या खांबापाशी दोन रेघा मिळतात आणि कोठे तीन, हे आमच्या पोरांना पाठ असते.

ह्या उसनवारीतून काहींनी मोठे कामही केले. मुंबई सेंट्रल स्थानकावर 2016 च्या जानेवारीत मोफत वायफाय सुरू झाले आणि पुढे ते देशातील सहा हजारांहून अधिक स्थानकांवर गेले. एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने डोक्यावर ओझे आणि कानात धडे अशी तयारी करून 2018 साली केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केली. 2020 च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने डोंगरावर झोपडी उभारून ऐन पावसाळ्यात अभ्यास केला. ह्या दोघांना आमचा नमस्कार असो. पण वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक छापले, आपण वाचून गहिवरलो, आणि एवढ्यावर गोष्ट संपली, हे आम्हांला खटकते. मुलीला डोंगर चढावा लागला, ह्यात जिद्द तिची आहे. उणीव कोणाची, हेही विचारले पाहिजे.

उसनवारीला किंमत असते. पहिली किंमत वेळेची. रोजमजुराला एक अर्ज भरण्यासाठी अर्धा दिवस घालवावा लागला, तर तो अर्ज फुकट नसतो. त्यावर अर्ध्या दिवसाची मजुरी लागलेली असते. दुसरी किंमत मिंधेपणाची. पासवर्ड देणारा शेजारी भला असला, तरी उद्या भांडण झाले की तो पासवर्ड बदलतो. तिसरी किंमत बायका देतात. रात्री आठ वाजता पानठेल्याजवळ मोबाईल घेऊन उभे राहणे मुलाला सोपे आहे, मुलीला नाही. आणि मोफत वायफायसुद्धा आधी मोबाईलवर ओटीपी मागते. रिचार्ज संपून काही दिवस झाले की येणारे संदेशही बंद होतात. म्हणजे ज्याला फुकटाची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच तोंडावर दार लागते.

चौथी किंमत सुरक्षिततेची. येथे दोन व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतो. उघड्या वायफायवर पैशाचे व्यवहार करू नयेत. दुसऱ्याच्या यंत्रावर काम केले, तर उठण्यापूर्वी आपले खाते बंद करावे, आणि ओटीपी कोणी कितीही मायेने विचारला तरी सांगू नये. देणाऱ्यानेही हॉटस्पॉटला पासवर्ड ठेवावा. कारण जोडणी ज्याच्या नावावर, पहिली विचारणा त्यालाच होते.

आता मुख्य मुद्दा. चैनीची वस्तू उसनी मागावी लागली, तर तक्रार करण्याचे कारण नाही. पण इंटरनेट आता चैन राहिले आहे काय? रोजगार हमीच्या कामांवर 1 जानेवारी 2023 पासून ऍपवरची हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र पाठवावे लागे. शेतकऱ्याची पीक पाहणी 2021 पासून मोबाईलवर आली. 2025 साली अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले, आणि त्याच वर्षी लाडक्या बहिणींना ई-केवायसी करण्यास सांगण्यात आले. वावरात राबणारी बाई एका ओटीपीसाठी फोन उंच धरून बांधावर फिरू लागली.

ह्यावर आमचा कामगार चळवळीतला साधा न्याय असा : काम ज्याचे, हत्यार त्याचे. गिरणीत साचेवाल्याला घरून साचा आणायला कोणी सांगितले नव्हते. मग सरकारने किंवा मालकाने एखादी गोष्ट इंटरनेटवरूनच करण्याची सक्ती केली, तर ते इंटरनेट पुरवणेही त्याच्याकडेच आले. जे सक्तीचे, ते सार्वजनिक असले पाहिजे. 2021 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडीताईंनी निकामी झालेले सरकारी मोबाईल संघटितपणे परत केले. ऍप इंग्रजीत होते, हीही त्यांची तक्रार होती. त्यांना काम नको होते असे नव्हे. काम करता येईल असे हत्यार हवे होते.

न्यायालयांचीही दिशा हीच आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2019 च्या सप्टेंबरात इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ई-केवायसीत अडणाऱ्या अंध आणि ऍसिडपीडित नागरिकांच्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला.

कोणी म्हणेल, घरोघर तारा कोण ओढणार? आमचे म्हणणे घरोघरचे नाहीच. आपल्या देशाने दुर्मिळ वस्तू वाटून वापरण्याचा धडा पूर्वी गिरवला आहे. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे चालवली. एक रेडिओ, भोवती वीसएक माणसे, आधी ऐकणे आणि मग चर्चा. पुढे टेलिफोन घरोघर नव्हता, तेव्हा पिवळ्या पाटीचे पीसीओ नाक्यानाक्यावर आले. त्याच धर्तीवर केंद्राने 9 डिसेंबर 2020 रोजी पीएम-वाणी योजनेस मंजुरी दिली. तीत किराणा दुकानदारालाही परवाना न काढता वायफाय विकता येते. परंतु 2022 पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे उद्दिष्ट असताना 2024 अखेर योजनेतील संख्या अडीच लाखांच्या आसपासच होती. लहान दुकानदाराला जोडणी फार महाग पडत होती, हे त्याचे एक कारण. जून 2025 मध्ये ट्रायने त्या दराला मर्यादा घातली. घरगुती दराच्या दुपटीहून अधिक घेता येणार नाही, असे ठरले.

तेव्हा आपण वाशीमकरांनी काय करावे? आपला जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला, 2018 साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. यादीत नाव आल्याने काही होत नाही. मागणी करावी लागते. आमच्या मागण्या चार आहेत. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली भारतनेटची तार कपाटात न थांबता पंचायतीच्या ओट्यावर, शाळेत आणि अंगणवाडीत यावी. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात, मुलींनाही निर्धास्त बसता येईल अशा जागी, मोफत वायफाय असावे. ऑनलाइन सक्तीच्या प्रत्येक कामाला कागदी पर्याय असावा, आणि जाळे नव्हते ह्या कारणाने कोणाची हजेरी, हप्ता वा प्रवेश बुडू नये. आणि जो मालक मोबाईलवर काम घेतो, त्याने रिचार्जचा खर्च द्यावा.

वाचनालयांच्या मागणीवर आमचा विशेष भर आहे. आम्ही शाळेत थोडके शिकलो. बाकीचे शिक्षण उसन्या पुस्तकांवर आणि वाचनालयातील वर्तमानपत्रांवर झाले. तेथे आम्हांला कधी मिंधे वाटले नाही, कारण ते वाचनालय गावाचे होते. कुणाच्या दारात मागून घेतलेले आणि गावाच्या दारात हक्काने घेतलेले, ह्यांत हाच फरक आहे.

ह्या मागण्या मान्य होईपर्यंत एक काम आपल्या हाती आहे. ज्यांच्या घरी जोडणी आहे, त्यांनी परीक्षेच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत शेजारच्या मुलांना ओसरीवर बसू द्यावे, आणि उपकाराची भाषा करू नये. आमच्या संघटनेच्या कचेरीत बाक आहे. ज्यांना अर्ज भरायचा असेल, त्यांनी संध्याकाळी यावे. मात्र येताना मागणीपत्रावर सही करण्याची तयारी ठेवावी. बाक आम्ही देऊ. हक्क मात्र सर्वांनी मिळूनच मिळवावा लागेल.