गदा एकाची, तालीम दोघांची



बेल्ह्याच्या बाजारात बैलांची पारख करत वाढलेल्या माणसांसमोर, आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर, मी उभा आहे. चैत्र-वैशाखात जुन्नर-आंबेगावात जत्रा सुरू झाल्या, की सकाळी बैलगाडे आणि ऊन उतरल्यावर कुस्त्यांचा आखाडा, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आज मी तुमच्याशी कुस्तीबद्दलच बोलणार आहे.

७ जानेवारी २०२०. पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी अंतिम लढत होती. एका बाजूला हर्षवर्धन सदगीर. हा हरिश्चंद्रगडापलीकडचा, आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातला गडी, मैदानात उतरला होता नाशिककडून. समोर लातूरचा शैलेश शेळके. गादी विभागात हर्षवर्धनने आधीचा महाराष्ट्र केसरी अभिजित कटके याला हरवलं होतं, तर माती विभागात शैलेशने माउली जमदाडेवर मात केली होती. दोघेही एकाच तालमीतले, कात्रजच्या संकुलात अर्जुनवीर काका पवारांच्या हाताखाली तयार झालेले. गदा कोणीही जिंकली तरी ती त्याच तालमीत येणार होती.

जरा विचार करा. ज्याच्यासोबत पहाटे जोर-बैठका मारल्या, ज्याच्या अंगावर रोज डाव घोटले, तोच आता समोर आहे. त्याचा पट कुठून येतो हे तुम्हाला ठाऊक आणि तुमचा दम कधी तुटतो हे त्याला ठाऊक. अशी कुस्ती सर्वांत अवघड. लपवायला काही उरतच नाही. निकाल लागला ३-२ असा. हर्षवर्धन महाराष्ट्र केसरी झाला आणि जिंकल्या जिंकल्या त्याने शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. त्या क्षणाचं छायाचित्र दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रभर पोचलं.

त्या छायाचित्रात सगळे हर्षवर्धनकडे पाहतात. माझी नजर मात्र शैलेशवर जाते. आयुष्यातली सर्वांत मोठी कुस्ती एका गुणाने गेलेली असताना, ज्याने हरवलं त्याच्याच खांद्यावर बसायचं, तेही भरलेल्या मैदानासमोर. जिंकणाऱ्याला मन मोठं करणं तुलनेने सोपं असतं. हरलेल्याने तो मान मोकळ्या मनाने घेणं, याला फार मोठी छाती लागते.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मैत्री होती म्हणून कोणी हात आखडता घेतला नाही. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आधीच ठरवून केलेली. तशी कुस्ती केली असती तर दोघांनी एकमेकांचा अपमान केला असता. समोरच्याला आपली पूर्ण ताकद देणं, हाच मल्लांमधला आदर. पुढे २०२३ साली कोथरूडच्या मैदानावर शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड असेच समोरासमोर आले. शिवराज आपल्या खेडचा, महेंद्र सोलापूरचा आणि तालीम पुन्हा काका पवारांचीच. मिनिटाच्या आत शिवराजने महेंद्रला अस्मान दाखवलं. ओळखीच्या माणसाला सवलत नाही, ही त्या तालमीची शिस्त आहे. काका पवार स्वतः वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार मामांचे पठ्ठे, तेव्हा ही शिस्त आली कुठून हेही कळतं.

मल्लांमधला हा आदर मातीच्या आखाड्यात आणखी जवळून दिसतो. घामाने हात निसटायला लागला, की पैलवान वाकतो, मूठभर माती उचलतो, स्वतःच्या अंगाला चोळतो आणि समोरच्याच्या मानेला, दंडालाही लावतो. ताक, तेल, हळद, लिंबू घालून वर्षभर जोपासलेली ती माती. तिच्यामुळे पकड दोघांचीही बसते. मग पुन्हा झट लागते, पूर्ण जोराने. गावोगावच्या अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या माणसांनी हा शिष्टाचार पिढ्यान्‌पिढ्या पाळला. आपल्या शिक्षणव्यवस्थेला तो अजून पुरता जमलेला नाही, हे मी या व्यासपीठावरून खेदाने सांगतो. आम्ही तुम्हाला गुणांच्या यादीत एकाखाली एक उभं केलं. एकमेकांच्या अंगाला माती लावायला कुठे शिकवलं?

उद्यापासून तुम्ही एकाच कंपनीच्या मुलाखतीला बसाल, स्पर्धा परीक्षेच्या एकाच जागेसाठी अर्ज कराल. एकाच खोलीत राहिलेल्या दोघांपैकी एकाची निवड होईल, दुसऱ्याची होणार नाही. त्या दिवशी ज्याची निवड झाली त्याने मित्राला टाळू नये आणि ज्याची राहिली त्याने फोन बंद करू नये. प्रयोगशाळेत तुमच्या मांडणीतली चूक ज्याने धरली, परीक्षेत दोन गुणांनी जो पुढे गेला, वादविवादात ज्याने तुम्हाला निरुत्तर केलं, त्याला तुमचं बळ आणि तुमची उणीव या घडीला घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. अशी माणसं पुढे नोकरीत सहज मिळत नाहीत. तिथे प्रत्येकजण आपला डाव झाकून ठेवतो.

पालकांनाही एक विनंती. निकालानंतर घरी शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. तो मुलगा तुमच्या मुलाचा जोडीदार आहे, त्याला घरी जेवायला बोलवा.

आणि मित्रांनो, आज ही सनद घेऊन आळेफाट्याची एसटी पकडण्याआधी, या चार वर्षांत ज्याच्याशी तुमची सर्वांत कडवी झुंज झाली त्याला शोधा आणि त्याचा हात हातात घ्या. मनात काही अढी असेल तर ती इथेच, या आवारात सोडवा.