शेअरबाजारातील गतिदर्शक : उपयोग आणि मर्यादा

(माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान, वाचकांसाठी थोडा विस्तार करून)



शाळामास्तराने शेअरबाजारावर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. मी दलाल नाही आणि सल्लागारही नाही. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो, पुढे बी.एड. केले आणि आज नववी-दहावीच्या मुलांना भूगोल व अर्थशास्त्र शिकवितो. तरीही हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. कारण या विषयातला एक धडा मी एकदा अर्धाच शिकविला होता. तो आज आपल्यासमोर पुरा करावयाचा आहे.

२०२० सालच्या फेब्रुवारी महिन्यात माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. मोबाइल दुरुस्तीचे काम करणारा, कष्टाळू मुलगा. त्याच्या मोबाइलवर बाजाराचा आलेख होता आणि आलेखाखाली एक नागमोडी रेघ. "सर, ह्या रेघेचं गणित समजावून सांगा ना," तो म्हणाला. मी कागद घेतला आणि अर्ध्या तासात गणित सोडवून दाखविले. त्याला ते चटकन समजले आणि मलाही शिक्षक म्हणून समाधान वाटले. पुढे काय झाले ते यथावकाश सांगतो. आधी ते गणित आपणही समजून घेऊ.

शेअरचा भाव वर जातो की खाली, एवढेच आपण सामान्यतः पाहतो. परंतु तो किती जोराने जातो, ही वेगळी गोष्ट आहे. समजा, एका शेअरचा भाव पहिल्या आठवड्यात १०० चा ११० झाला, दुसऱ्या आठवड्यात ११५ आणि तिसऱ्यात ११७. भाव प्रत्येक आठवड्यात वाढलाच. पण वाढ झाली अनुक्रमे १०, ५ आणि २ रुपयांची. म्हणजे भाव चढतो आहे आणि जोर मात्र उतरतो आहे. हा जोर मोजणाऱ्या साधनांना गतिदर्शक म्हणावे. इंग्रजीत यालाच मोमेंटम इंडिकेटर असे नाव आहे.

यांपैकी सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे आर.एस.आय. हे जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकन गृहस्थांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात मांडले. वाइल्डर हे मूळचे यंत्र अभियंता. त्यांची रीत अशी : गेल्या १४ दिवसांत ज्या दिवशी भाव वाढला त्या वाढीची बेरीज करावी, ज्या दिवशी घटला त्या घटीची बेरीज वेगळी करावी आणि दोन्हींना १४ ने भागावे. समजा, वाढीची बेरीज २८ रुपये आणि घटीची १४ रुपये आली. सरासरी वाढ २ रुपये, सरासरी घट १ रुपया. दोहोंचे गुणोत्तर २. आता १०० ला १ अधिक २, म्हणजे ३ ने भागले की ३३.३३ येतात, ते १०० मधून वजा केले की उरतात ६६.६७. हाच आर.एस.आय. पुढच्या दिवसांसाठी वाइल्डर जुनी सरासरी थोडी थोडी बदलत नेतात, पण तत्त्व हेच.

सूत्र पाहून घाबरू नये. त्याचा अर्थ फार सोपा आहे. एकूण हालचाल झाली २८ अधिक १४, म्हणजे ४२ रुपयांची. त्यांपैकी वरच्या दिशेची २८ रुपयांची. १०० पैकी ६६.६७ भाग. वर्गात आपण गुणांची टक्केवारी काढतो, तशीच ही चढाची टक्केवारी होय. हा आकडा ७० च्या वर गेला की बाजाराच्या भाषेत अतिखरेदी आणि ३० च्या खाली आला की अतिविक्री झाली, असे म्हणतात.

याच घराण्यातली आणखी दोन साधने आहेत. जॉर्ज लेन यांच्या नावाशी जोडलेले स्टोकॅस्टिक हे आजचा बंद भाव गेल्या काही दिवसांच्या उच्चांक-नीचांकाच्या पट्ट्यात कोठे आहे ते दाखविते. जेराल्ड अपेल यांचे एम.ए.सी.डी. हे १२ दिवसांच्या आणि २६ दिवसांच्या सरकत्या सरासरीतला फरक घेते आणि त्या फरकाचीच ९ दिवसांची सरासरी काढून दोन्ही रेघा शेजारी ठेवते. पहिली रेघ दुसरीला छेदून वर गेली की जोर वाढला, खाली आली की जोर ओसरला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पुष्कळ तरुण म्हणतात, "तिन्ही साधने एकच सांगत आहेत, मग खोटे कसे ठरेल?" पण तिन्ही साधने बनली आहेत एकाच कच्च्या मालापासून, तो म्हणजे होऊन गेलेले भाव. हे तीन साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराला तीनदा विचारलेला तो प्रश्न आहे.

आता मर्यादेकडे वळू. एस.टी. घाट चढू लागली की तिचा वेग मंदावतो. म्हणून कोणी प्रवासी "आता गाडी मागे घसरणार" असे म्हणून खिडकीतून उडी टाकीत नाही. चालक गिअर बदलतो आणि गाडी पुढे जाते. वेग कमी होणे ही एक गोष्ट, दिशा बदलणे ही दुसरी. गतिदर्शक पहिली गोष्ट सांगतो. आपण मात्र तीतून दुसरी ऐकतो. आर.एस.आय. ७० वर गेला याचा अर्थ इतकाच की गेल्या १४ दिवसांत चढ जोराचा होता. उद्या भाव पडेल, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. जोरदार तेजीत हा आकडा कित्येक आठवडे ७० च्या आसपास राहू शकतो आणि मंदीत ३० च्या आसपास.

उलट, संशोधन काय सांगते तेही पाहा. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन या दोन अभ्यासकांनी १९९३ साली अमेरिकन बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. मागील ३ ते १२ महिन्यांत जे शेअर जोरात होते, ते पुढचे काही महिनेही सरासरीने इतरांपेक्षा पुढे राहिले, असे त्यांना आढळले. म्हणजे जोर असेल तर तो काही काळ टिकण्याचा कल असतो. हा कल अनेक शेअर मिळून सरासरीने दिसतो, एकेका शेअरची त्यात हमी नाही. तरीही "फार चढले, आता विका, फार पडले, आता घ्या" हा नवशिक्यांचा आवडता नियम यापुढे किती लंगडा आहे, हे सहज दिसेल.

आता त्या विद्यार्थ्याकडे येतो. २८ फेब्रुवारी २०२० रोजी सेन्सेक्स १,४४८ अंकांनी कोसळून ३८,२९७ वर बंद झाला. आर.एस.आय. ३० च्या बराच खाली आला. माझ्या विद्यार्थ्याने कागदावरचे गणित स्वतः करून पाहिले, उत्तर बरोबर आले आणि त्याने मार्च महिन्याचे कॉल ऑप्शन घेतले. बाजार खाली येत गेला तसतसा तो आणखी घेत गेला. कारण रेघ "अतिविक्री" म्हणत होती. २३ मार्चला बाजार उघडल्यावर थोड्याच वेळात निर्देशांक १० टक्के पडला आणि व्यवहार ४५ मिनिटे थांबवावे लागले. त्या दिवशी सेन्सेक्स बंद झाला २५,९८१ वर. ज्या दिवशी रेघेने "फार पडले" म्हटले, त्या दिवसानंतर साडेतीन आठवड्यांत बाजार आणखी सुमारे एक तृतीयांश पडला.

त्या मुलाचे ८५ हजार रुपये गेले. ते त्याने स्वतःच्या दुकानाच्या गाळ्याच्या डिपॉझिटसाठी चार वर्षे साठविले होते. टाळेबंदी उठल्यावर तो मला भेटला, तेव्हा त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्याने एवढेच विचारले, "सर, गणित तर बरोबर होतं ना?"

वाचकहो, गणित बरोबरच होते. अपुरे होते ते माझे शिकविणे. मी सूत्र शिकविले, पण ते कोठे चालत नाही हे शिकविले नाही. त्यानंतर मी हा विषय पुन्हा मुळापासून वाचला, तेव्हा एक गोष्ट कळली. वाइल्डर यांनी ज्या पुस्तकात आर.एस.आय. दिला, त्याच पुस्तकात आणखी दोन साधने दिली आहेत. ए.डी.एक्स. हे बाजारात ठाम कल आहे की बाजार नुसता आडवा हिंदकळतो आहे, ते सांगते. ए.टी.आर. हे भाव साधारणपणे दिवसाला किती रुपये हलतो, ते सांगते. ज्याने साधन दिले त्यानेच त्याच्या सोबतचे इशारेही दिले होते. आम्ही मात्र एकच प्रकरण वाचून पुस्तक मिटले.

पुरा धडा थोडक्यात असा :

एक. आधी कल पाहावा, मग जोर. ए.डी.एक्स. २० च्या खाली असेल तर बाजार बहुधा आडवा असतो. तेथे ७० आणि ३० च्या रेघा बऱ्यापैकी उपयोगी पडतात. तो २५ च्या वर चढत असेल तर कल ठाम आहे असे समजावे आणि त्या कलाविरुद्ध केवळ आर.एस.आय.च्या भरवशावर उभे राहू नये.

दोन. भावाने नवा उच्चांक केला आणि आर.एस.आय.ने केला नाही, तर या विसंगतीला वाइल्डर महत्त्व देतात. ती सावधगिरीची सूचना आहे, व्यवहाराचा हुकूम नव्हे.

तीन. खरेदीपूर्वीच आपण कोठे चुकीचे ठरू, ते ठरवावे. ए.टी.आर. १० रुपये असलेल्या शेअरला ३ रुपयांवर स्टॉपलॉस लावणे म्हणजे रोजच्या हेलकाव्यातच बाहेर फेकले जाणे. तसेच २३ मार्चसारख्या दिवशी स्टॉपलॉस ठरविलेल्या भावाला मिळेलच, अशी खात्री नसते.

चार. एका व्यवहारात भांडवलाच्या १-२ टक्क्यांहून अधिक बुडू देऊ नये. १०० चे ५० होण्यास ५० टक्के तोटा पुरतो. ५० चे पुन्हा १०० होण्यास मात्र १०० टक्के नफा लागतो. हे गणित आर.एस.आय.पेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

पाच. पडत्या भावात, नुसत्या रेघेच्या सांगण्यावरून, भर घालीत जाऊ नये. माझा विद्यार्थी पहिल्या व्यवहारात थोडेच बुडाला होता.

हे मी का एवढे कळकळीने सांगतो आहे? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि तो दरडोई सरासरीने सुमारे २ लाख रुपये होता. या व्यवहारांत उतरणाऱ्यांपैकी २०२३-२४ मध्ये पाऊण हिश्श्याहून अधिक लोकांचे वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत होते. हे लोक परके नाहीत. ते आपलेच माजी विद्यार्थी आहेत.

मी कोणालाही बाजारात जाऊ नका असे म्हणत नाही. शिकण्यास बंदी घालणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ज्यांना हे साधन वापरून पाहावयाचे आहे, त्यांनी आधी सहा महिने वहीत व्यवहार करावेत. तारीख, भाव, आर.एस.आय., ए.डी.एक्स. आणि आपला अंदाज लिहावा व नंतर काय झाले तेही लिहावे. चूक वहीत झाली तर ती खोडता येते.

तो मुलगा आज पुन्हा डिपॉझिटसाठी पैसे साठवीत आहे. गेल्या रमजान ईदला घरी आला तेव्हा त्याने मला आपली वही दाखविली. तीत ४१ व्यवहार लिहिले होते, सर्व कागदावरचे. २३ चुकलेले त्याने लाल शाईने अधोरेखित केले होते. मी वही तपासली, खाली तारीख घातली आणि सही केली.